मित्राच्या उशाशी
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत एका विश्वस्तांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या समाजसेवा विभागाच्या खिडकीत अनेक वर्षे बसणारा माझा मित्र या वर्षी आपल्याला सोडून गेला. त्याच्याविषयी बोलण्यास अध्यक्षांनी मला सांगितले आहे. त्याचे नाव मात्र मी उच्चारणार नाही. आपल्या नावाचा फलक नको, लेख नको, असे त्याने लिहूनच ठेवले होते आणि वहिनींचाही तोच आग्रह आहे.

१९६७ साली साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात आम्ही दाखल झालो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ साली स्थापन केलेल्या या महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ या योजनेमुळेच आमच्यासारख्यांना शिकता आले. कुदळ धरून माझ्या तळहातांना फोड येत. माझ्या वाट्याचा वाफा तो गुपचूप खणून टाकी आणि वर मलाच आळशी म्हणे. पुढे तो या रुग्णालयात आला; काही वर्षांनी त्यानेच मलाही येथे ओढून आणले.

बिलात सवलत मिळवून देणे, परगावच्या नातेवाइकांची जेवणाची सोय पाहणे, ही त्याची कामे आपण जाणताच. त्याचे सर्वांत अवघड काम नेत्रदानाचे होते. मृत्यूनंतर साधारणपणे सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात; म्हणजे शोकाच्या पहिल्या तासातच विचारावे लागते. तो हात जोडून विचारी. नकार मिळाला, तरी रुग्णवाहिकेपर्यंत सोबत जाई.

१९९४ साली माझी आई येथेच निवर्तली. तो अर्ज घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. “मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांचा काय उपयोग?” मी म्हणालो. “बुबुळावरचा पारदर्शक पडदा शाबूत असला की झाले,” तो म्हणाला. खरे कारण निराळे होते. आईचा चेहरा विद्रूप दिसेल, याचे मला भय वाटत होते. ते न सांगता मी त्याला सर्वांसमक्ष “चालता हो” म्हणालो. तो गेला आणि तासाभराने खांदा द्यायला परत आला. त्यानंतर हा विषय त्याने माझ्याजवळ कधीही काढला नाही. मीही क्षमा मागितली नाही. तेवढे धैर्य झाले नाही, हेच खरे.

त्या रात्री दीड वाजता वहिनींचा दूरध्वनी आला. मी पोहोचलो, तेव्हा डॉक्टर मृत्यूचा दाखला लिहीत होते. नेत्रपेढीचा क्रमांक कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. मी तो फिरवला. मग पंखा बंद केला, त्याच्या पापण्या मिटल्या, त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या आणि डोक्याखाली उशी सरकवली. किती नातेवाइकांना तो हे समजावून सांगताना मी ऐकले होते! तरी उशी नीट ठेवायला मला तीनदा प्रयत्न करावा लागला. संमतिपत्रावर वहिनींनी सही केली, साक्षीदार म्हणून मी केली. नेत्रपेढीची मंडळी अर्ध्या तासात काम आटोपून, नमस्कार करून गेली.

सकाळी नागपूरहून मुलगा आला. वडिलांच्या चेहऱ्यावरून हात फिरवीत तो बराच वेळ बसला. मग मला म्हणाला, “काका, झोपेतच गेले ना बाबा?” त्याला काहीही वेगळे दिसले नव्हते. नेत्रदान झाल्याचे वहिनींनी त्याला नंतर सांगितले.

सभागृहाबाहेरील मेजावर नेत्रदानाच्या इच्छापत्राचे अर्ज ठेवले आहेत. मधुमेह असलेल्यांनी, चष्मा वापरणाऱ्यांनीही ते न्यावेत. भरण्यापूर्वी घरच्यांशी मात्र अवश्य बोलावे, कारण वेळ येते तेव्हा अखेरची संमती त्यांनाच द्यावी लागते. मी माझ्या मुलीशी गेल्या रविवारी बोललो. ती आधी रागावली, मग उठून आत गेली आणि पेन घेऊन आली.