पाइनच्या जंगलाचा हिशेब



आज गोष्ट सांगायची आहे ती एका सुताराची. एझ्रा कॉर्नेल हा अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात १८०७ साली एका कुंभाराच्या घरी जन्मला. शिक्षण बेताचेच. १८२८ साली तो इथाका गावी आला आणि मिळेल ते काम करू लागला. पुढे नांगर विकायला निघाला, आणि नांगरानेच त्याचे दैव उघडले! मोर्सच्या तारायंत्राची तार जमिनीत पुरायची होती. चर पाडून त्यात नळी बसवीत जाणारा नांगर त्याने बनविला. पण पुरलेल्या तारेतून वीज गळू लागली. मग तार खांबांवर चढली, आणि १८४४ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला संदेश गेला.

नंतर पुष्कळ वर्षे ओढगस्तीत गेली. तरी तारेच्या कंपन्यांचे शेअर त्याने सोडले नाहीत. १८५६ साली वेस्टर्न युनियन कंपनी झाली आणि त्या कागदांचे सोने झाले.

पैसेवाला राजकारणात शिरला, की लोक काय म्हणतात ते तुम्हांला ठाऊकच आहे. कॉर्नेल राज्याच्या सिनेटात गेला. शेती व यंत्रविद्येच्या शिक्षणासाठी केंद्र सरकारने १८६२ च्या कायद्याने राज्यांना जमिनीचे हक्कपत्र दिले. न्यूयॉर्कला मिळाली सुमारे ९,९०,००० एकर जमीन. कित्येक राज्यांनी आपले हक्कपत्र मातीमोलाने विकले. कॉर्नेलने मात्र न्यूयॉर्कचे हक्कपत्र स्वतः घेऊन विस्कॉन्सिनमधली पाइनची जंगले निवडली, भाव चढेपर्यंत ती राखली आणि त्यांचे कर पदरचे भरले. नफा सगळा विद्यापीठाला, असा लेखी करार १८६६ सालीच झाला होता. त्याआधी आपली शेतजमीन आणि पाच लाख डॉलर त्याने दिले होतेच. १८६८ साली कॉर्नेल विद्यापीठ उघडले.

तरीही १८७३ साली आरोप झाला, की हा विद्यापीठाच्या नावाखाली स्वतःचे घर भरतो आहे. चौकशी बसली. १८७४ च्या डिसेंबरात कॉर्नेल वारला, तेव्हा बहुतेक जंगल विकायचे राहिले होते. पुढे विश्वस्तांनी ते सावकाश विकले, आणि विद्यापीठाच्या तिजोरीत सुमारे पन्नास लाख डॉलर पडले.

संशय घेणारे सारेच खोटे होते, असे मी म्हणणार नाही. सार्वजनिक जमीन एका व्यापाऱ्याच्या हाती गेली, तर विचारणा व्हायलाच हवी. कॉर्नेलची बाजू पुढे खरी ठरली, ती त्याच्या नुसत्या शब्दावर नव्हे. करार कागदावर होता आणि हिशेब शेवटपर्यंत जुळला. दानत मोठी असली, तरी तिचीही वही लिहिलेली असावी, हेच खरे.