सवाई लयीतली मेमरी



संगणकाचे अंतरंग हा वसंतातल्या संध्याकाळी सांगण्याचा विषय नव्हे, असे कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाही. पण आपल्यापैकी काहींच्या घरची मुले प्रोसेसरला ठरल्यापेक्षा जलद पळविण्याच्या खटपटीत असतात. त्या छंदाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. त्यांत एका उपायाची उगाच लाज बाळगली जाते. त्याविषयी आम्हांस बोलावयाचे आहे.

इंटेलने २००३ साली बाजारात आणलेला पेंटियम फोर २.४ सी हा प्रोसेसर घेऊ, कारण त्याचा हिशेब सोपा आहे. त्याचा मूळ ठोका सेकंदाला २० कोटी, म्हणजे २०० मेगाहर्ट्झ. एका मात्रेत बारा बोल बसवावेत, तसा तो दर ठोक्याला बारा पावले टाकतो, झाले २४००. हा बाराचा गुणक कारखान्यातच कुलूपबंद केलेला. तेव्हा वेग हवा तर मूळ ठेकाच जलद करावयाचा. ठोका २५० केला, की ३००० मेगाहर्ट्झ पदरात पडतात.

पण मेमरीही त्याच ठेक्यावर चाललेली असते. तिची खरेदी २०० च्या हिशेबाने झालेली, (ठोक्यामागे दोनदा देवघेव, म्हणून तिचे नाव डीडीआर ४००.) २५० वर तिला धाप लागते. येथे डिव्हायडर कामास येतो. ५:४ असे प्रमाण लावले, की प्रोसेसरकडच्या पाच ठोक्यांत मेमरीचे चार पडतात आणि ती पुन्हा २०० वर येते. आपल्या संगीतातली सवाई ती हीच. ३:२ हे प्रमाणही असते; ती दीडपट झाली. मात्र मदरबोर्डाच्या यादीत बहुधा ५:४ न लिहिता ३३३ लिहिलेले असते. तो आकडा मूळ ठोक्याच्या हिशेबाचा. ठोका वाढला की त्याचा अर्थही बदलतो. नवखा माणूस येथे हमखास फसतो.

आता लाजेची गोष्ट. १:१ तेवढे शुद्ध, डिव्हायडर म्हणजे तडजोड, असे शौकीन मानतात. त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. दोन निराळ्या लयी जुळविताना चिपसेटला थोडे थांबावे लागते, आणि दुहेरी मार्गाने सेकंदाला ८ गिगाबाइट जाऊ शकले असते तेथे ६.४ जातात. पण २०० वरची चांगली मेमरी दोन ठोक्यांत उत्तर देते. ठोका ५ नॅनोसेकंदांचा, म्हणजे १० लागले. तीच २५० वर टिकविण्यासाठी तीन ठोके द्यावे लागले, तर ४ त्रिक १२. पळणारी मेमरी पहिला जबाब देण्यात मागेच राहिली!

आम्ही स्वतः २००४ साली हा हट्ट धरला होता. २५० वर, १:१. यंत्र तीन दिवस एकदाही अडले नाही. त्या भरात वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाची छायाचित्रे एका फायलीत दाबून बसविली आणि मुळे पुसून टाकली. महिन्याने फाइल उघडेना. रात्रभर मेमरीची चाचणी लावली, तेव्हा पडद्यावर चुकांची रांग उभी राहिली. यंत्र बंद पडले असते तर बरे झाले असते. ते निमूटपणे चुकीचे लिहीत राहिले. ५:४ लावल्यावर चुका गेल्या. छायाचित्रे गेली ती गेलीच.

म्हणून सुरुवातीलाच डिव्हायडर लावून मेमरी तिच्या सोयीच्या ठोक्यावर ठेवावी आणि एकट्या प्रोसेसरची परीक्षा घ्यावी. तो कोठवर जातो हे कळले, की मग मेमरीकडे वळावे. दोघांना एकदम पळविले तर अडखळले कोण, हे कळण्यास मार्ग नाही.

पुढे गुणक खुला असलेले प्रोसेसर आले आणि ठेका हलविण्याची गरज पुष्कळ कमी झाली. पण प्रमाणाचा प्रश्न मिटला नाही. एएमडीच्या २०१९ च्या रायझनमध्ये मेमरी डीडीआर ४ ३६०० च्या पुढे नेली, की तिचा नियंत्रक आपण होऊन तिच्या निम्म्या लयीवर उतरतो. तेथे मात्र १:१ राखण्यासाठी मेमरी थोडी मंद ठेवणेच बहुधा फायद्याचे पडते.