सण कोणाच्या घरी?



भाद्रपदात घरोघरी गौरी येतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन, असा हा तीन दिवसांचा क्रम आहे. लोकमानसाने गौरीला माहेरवाशीण मानले. वर्षभर सासरी राबणाऱ्या लेकीने तीन दिवस माहेरी यावे, तिला कोणी काम सांगू नये, तिच्या आवडीचे रांधून तिला वाढावे, ही या सणामागची कल्पना आहे. श्रद्धावंताने तिच्याकडे भक्तीने पाहावे, नास्तिकाने समाजशास्त्राच्या दृष्टीने पाहावे. परंतु राबणाऱ्या स्त्रीला विसावा हवा ही जाणीव तीत आहे, हे दोघांनाही मान्य करावे लागेल.

प्रश्न एवढाच की, हा विसावा प्रत्यक्षात कोणाच्या वाट्याला येतो?

येरवड्यातील लक्ष्मीनगर, यशवंतनगर, नागपूर चाळ या कष्टकऱ्यांच्या वस्त्या आणि कल्याणीनगरच्या इमारती यांत फारसे अंतर नाही. वस्त्यांतील अनेक स्त्रिया रोज सकाळी घरकामासाठी बाहेर पडतात. सणाच्या दिवशी तर बोलावणे नेहमीपेक्षा लवकर येते. पितळेची भांडी लखलखीत करायची, पुरण वाटायचे, पंगत उठली की खरकटे काढायचे, पुन्हा भांड्यांचा ढीग उपसायचा. तिच्या स्वतःच्या घरची चूल तिच्या परतण्याची वाट पाहत राहते, नाहीतर तिची शाळकरी मुलगी ती पेटवते. एका घरचा सण दुसऱ्या घरच्या सणातून वजा होतो.

काही कार्यकर्ते विचारतील की, सण ही खाजगी श्रद्धेची बाब आहे. पक्षाचा तिच्याशी संबंध काय? पूजा करावी की न करावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु सण साजरा करावयास वेळ लागतो आणि पैसा लागतो. वेळ आणि पैसा यांची वाटणी हा अर्थकारणाचा प्रश्न आहे आणि म्हणूनच तो राजकारणाचाही आहे.

मुंबईच्या गिरणी कामगाराने हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांना भरमसाट नफा झाला, तेव्हा मालकांनी बोनस देण्यास सुरुवात केली. १९२३ सालचा बोनस त्यांनी नाकारला आणि जानेवारी १९२४ मध्ये सार्वत्रिक संप झाला. मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने, बोनसवर कामगारांचा हक्क पोहोचत नाही, असा निर्वाळा दिला. संप मोडला, पण मागणी मोडली नाही. १९६५ च्या कायद्याने बोनस हा हक्क झाला. किमान बोनस पुढे ८.३३ टक्क्यांवर गेला; म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा हिस्सा, एक महिन्याचा पगार. आणीबाणीत, १९७५ साली, तो ४ टक्क्यांवर आणला गेला आणि जनता सरकारच्या काळात, १९७७ मध्ये, पुन्हा ८.३३ टक्के झाला. काल ज्याला बक्षिसी म्हणत, तेच संघटनेच्या बळावर आज हक्क ठरते, हा या इतिहासाचा धडा आहे.

मात्र हा हक्क घराच्या उंबरठ्याशी येऊन थांबला. बोनसची तरतूद वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने कामगारांना वर्षातून आठ सणांच्या भरपगारी सुट्ट्या दिल्या, पण घर म्हणजे आस्थापना नव्हे. २००८ च्या घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियमाने नोंदणी आणि काही साहाय्य देऊ केले. रजा आणि बोनस यांचा हक्क दिला नाही. मालकिणीला जे घर आहे, ते मोलकरणीला कामाचे ठिकाण आहे, ही साधी गोष्ट रजा आणि बोनस यांच्या कायद्यांनी अजून ओळखलेली नाही.

याच येरवड्यात मध्यवर्ती कारागृह आहे. शिक्षा भोगणाऱ्या कैद्यासाठीही संचित रजेचे, म्हणजे फर्लोचे, नियम आहेत. ही रजा सरसकट मिळत नाही. तथापि कैद्याचे कुटुंबाशी नाते टिकावे, हा तिचा एक मान्य हेतू आहे. हे नियम योग्यच आहेत. पण तुरुंगाच्या भिंतीआड शासनाला जी माणुसकी सुचली, ती कल्याणीनगरच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या, कोणताही अपराध न केलेल्या स्त्रीसाठी अद्याप सुचू नये, याला काय म्हणावे?

पुण्यातील घरकामगार स्त्रिया मात्र गप्प बसलेल्या नाहीत. १९८० साली त्यांनी उत्स्फूर्त संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा करार संमत केला. आठवड्यातून सलग चोवीस तासांची विश्रांती त्यात नमूद आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण त्याला मान्यता दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याच्या चौकटीचा विचार करण्यास केंद्र सरकारला सांगितले.

कायद्यासाठी झगडावे लागेलच. परंतु तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. ज्या कार्यकर्त्यांच्या घरी कामाला बाई येते, त्यांनी सणाची भरपगारी रजा आणि दिवाळीला एक महिन्याचा पगार यांची सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी. जुनी साडी आणि उरलेला फराळ म्हणजे बोनस नव्हे. रजा कोणत्या सणाला घ्यावयाची, हेही तिनेच ठरवावे. या वस्त्यांत बौद्ध आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. कोणाला गौरी हवी असेल, कोणाला आंबेडकर जयंती, कोणाला ईद, कोणाला नाताळ.

आणि ती रजेवर गेली की तिचे काम घरातल्या सुनेच्या किंवा पत्नीच्या डोक्यावर टाकून पुरुषांनी आरतीला उभे राहू नये. त्या दिवशी भांडी त्यांनी घासावीत. गौरीला माहेरवाशीण म्हणावयाचे आणि घरातील जित्याजागत्या बायकांना तीन दिवस ओट्यापाशी उभे ठेवावयाचे, ही विसंगती समतेचे नाव घेणाऱ्यांना शोभत नाही.

कोणाच्या सणाला विरोध करण्याचा हा प्रश्न नाही. एका घरी सण होत असताना दुसऱ्याही घरी तो वेळेवर व्हावा, एवढीच मागणी आहे. आणि तिच्या पाठीशी संघटना उभी करणे, हे पक्षाचे काम आहे.