परकीय भांडवल का बिचकते?



आम्ही बँकेतली कारकून माणसे. कर्ज मागणारा आला की आम्ही आधी त्याचे कागद पाहतो, मग पत. परदेशी उद्योजकही देशाकडे असेच पाहतो.

१९७३ च्या परकीय चलन कायद्याने बहुतेक परदेशी कंपन्यांचा हिस्सा ४० टक्क्यांवर आणला. १९७७-७८ मध्ये कोका-कोला व आयबीएम निघून गेल्या. १९९१ मध्ये दारे उघडली. परंतु नुसते दार उघडून भागत नाही, हे दाभोळने शिकवले. १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या कंपनीशी करार केला, तोही स्पर्धात्मक निविदा न मागवता. १९९५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला, १९९६ मध्ये बदलून पुन्हा मान्य केला. १९९९ मध्ये वीज आली, पण दर मंडळाला पेलेना. बिले थकली आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला.

घाईने, लोकांना न विचारता केलेला करार टिकत नाही. आणि मोडलेला करार पाहून पुढचा गुंतवणूकदार बिचकतो.

म्हणून मुलांनो, अर्थशास्त्र शिका, कायदा शिका. करार लिहिला जातो त्या टेबलाशी आपलाही माणूस बसला पाहिजे. कारण पैसा कुठूनही येवो, त्याचे बिल शेवटी आपल्याच घरी येते.