छातीतील कळ आणि हातातील वेळ
(समाजाच्या वार्षिक संमेलनात, रामटेक येथे दिलेले भाषण)



गडमंदिराच्या पायऱ्या चढताना छाती आवळून येते आणि थांबले की बरे वाटते, असे पुष्कळ मंडळी सहज सांगतात व दोष वयाला देतात. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या अरुंद झाल्याची ती सूचना असू शकते. पुढे एखाद्या रात्री अशा रोहिणीत गुठळी होऊन ती बंद पडली, म्हणजे हृदयाचा तेवढा स्नायू मरू लागतो.

हा विकार आपल्याकडे लवकर गाठतो. ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ संशोधनात दक्षिण आशियातील रुग्णांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला होता. अन्यत्र जवळजवळ ५९ व्या वर्षी. तंबाखू चघळणाऱ्यांना तो धोका, तंबाखूला न शिवणाऱ्यांच्या मानाने, दुपटीहून अधिक आढळला. येथे स्पष्ट बोलतो. पानमळा ही आपल्या बारई समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची मिळकत; वेलीचा त्यात काही अपराध नाही. परंतु विड्यात नि खर्ऱ्यात जी तंबाखू पडते, तिची बाजू घेण्याचे आपणांस कारण नाही.

उपाय मात्र आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ या १७,१८७ रुग्णांवरील प्रयोगात, गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज व साधी ॲस्पिरिन ही दोन्ही मिळालेल्यांपैकी पाच आठवड्यांत शेकडा ८ दगावले. दोन्ही न मिळालेल्यांपैकी शेकडा १३. पण ही औषधे जितकी लवकर, तितका गुण अधिक. २००८ साली भारतातील ८९ रुग्णालयांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. निम्म्या रुग्णांना दवाखाना गाठण्यास सहा तास वा अधिक लागले होते. गरिबांत महिन्याभरातील मृत्यू शेकडा ८.२, श्रीमंतांत ५.५, आणि उपचारांतील फरक जमेस धरताच ही तफावत उरली नाही. तेव्हा गरिबाचे दैव खोटे नव्हते, त्याला औषध कमी मिळाले होते.

हे सहा तास जातात कोठे? वात समजून ओवा-सोडा देण्यात, छाती चोळण्यात, नातलगांचा सल्ला घेण्यात. बायका तर जबडा दुखला, धाप लागली, घाम फुटला तरी स्वयंपाक उरकल्यावाचून बोलत नाहीत! नागपूर येथून सुमारे पन्नास किलोमीटर. म्हणून प्रथम येथल्याच शासकीय रुग्णालयात ईसीजी काढून घ्यावा. मोठ्या डॉक्टरचे नाव ठरेपर्यंत खोळंबू नये. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. रुग्णास चालवू नये, मोटारसायकलवर बसवू नये. तो बेशुद्ध पडून श्वास थांबला, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी, मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा, पाच सेंटीमीटर खोल दाबत राहावे. भिऊन हात आखडू नये.

समाजभवनासाठी निधी जमतो आहे. त्यास माझा विरोध नाही. परंतु ज्यांच्या दारी चारचाकी आहे व जे मध्यरात्री उठून ती काढतील, त्यांची नावे मोहल्लावार छापून घरोघरी द्यावीत, आणि छाती दाबण्याचे शिक्षण तरुण मंडळींस एक दिवस द्यावे, एवढा ठराव कार्यकारिणीने आजच्याच बैठकीत घ्यावा, अशी विनंती करतो. यादीत पहिले नाव माझे लिहावे.