गोरोबाकाकांच्या अंगणातला प्रश्न



तेरच्या मातीत उभं राहून बोलायचं तर गोरोबाकाकांचं नाव घेतल्याशिवाय तोंड उघडत नाही. त्यांच्या भक्तीवर इथं दर चैत्रात यात्रेला मोठमोठी कीर्तनं होतात. आज मला बोलायचंय ते त्यांच्या अंगणात आलेल्या एका मुलीबद्दल.

परंपरेनं सांगत आलेली ती गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. संतमंडळी काकांकडे जमली होती. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान, नामदेव. त्यांच्यात वयानं धाकटी मुक्ताई. तिचा जन्म 1279 चा मानतात, म्हणजे काकांपुढे ती लेकरूच. तिला तिथं पडलेलं एक लाकडी अवजार दिसलं. तिनं विचारलं, काका, हे काय हो?

आता कुंभाराच्या घरचं थापटणं काय असतं ते तेरच्या मुलांना मी काय सांगावं! तरी शहरातून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. ओल्या मडक्याच्या आत एका हातानं गुंडा धरायचा आणि बाहेरून थापटण्यानं हलके हलके ठोकत मडकं गोल गोल फिरवायचं. जाड बूड पातळ होत जातं, पोट फुगत जातं. ठोका जरा जोरात बसला तर भोक पडतं, हळू बसला तर मडकं बेढब राहतं. मग वाळवण, मग आवा. आव्यातून निघालेल्या मडक्याला टिचकी मारली की पक्कं असेल ते खणखणतं आणि कच्चं असेल ते भद्द वाजतं. कुंभाराचा कान ते क्षणात ओळखतो.

काकांनी मुक्ताईला सांगितलं, पोरी, यानं मडकं कच्चं का पक्कं ते कळतं. त्यावर ती म्हणाली, मग आपण माणसंसुद्धा मडकीच की. आमच्यातलं कोण कच्चं ते सांगा बघू!

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं वाजवलं, नामदेव रुसले, कच्चे ठरले, आणि गुरूच्या शोधात औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. कीर्तनकार त्या डोक्यावर मारण्याच्या प्रसंगाकडे झटकन जातात, श्रोते हसतात. माझं मन मात्र अलीकडेच थांबतं. त्या दिवशी काकांच्या घरी एवढे पाहुणे. हात चिखलात. अशा वेळी एक पोर ‘हे काय, ते काय’ करत आली, तर आपण काय म्हणतो? ‘जा गं, तिकडं खेळ जा. मोठ्या माणसात बोलू नये.’ गोरोबाकाका तसं म्हणाले नाहीत. त्यांनी नीट उत्तर दिलं. आणि तिनं त्या उत्तराला आपलं डोकं लावून जे विचारलं, तेही ‘आगाऊ कार्टी’ म्हणून उडवून लावलं नाही, थापटणं हातात घेतलं. नामदेवांसारख्या संताचं पुढचं आयुष्य त्या एका प्रश्नानं वळलं.

माझा जन्म प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेला. लहान मुलं घरात काय काय बोलतात ते आयाबायांकडून ऐकत आलो. त्यातल्या काही गोष्टी आज तुमच्यासाठी आणल्या आहेत.

धाराशिवहून रात्रीची एसटी येत होती. खिडकीशी आईच्या मांडीवर एक मुलगा. पाच वर्षांच्या आतलं म्हणून त्याला तिकीट नव्हतं, आणि त्याचा त्याला फार अभिमान. बाहेर चांदोबा गाडीबरोबर पळतोय. बराच वेळ बघून तो कंडक्टरला म्हणाला, ‘चांदोबा बी पाच वर्षांच्या आतलाच हाय का?’ सगळी गाडी हसली. पण बघा, त्या पोरानं दोन गोष्टी पक्क्या धरल्या होत्या. चंद्र आपल्याबरोबर प्रवास करतोय हे त्याला डोळ्यांनी दिसत होतं. आणि फुकट प्रवास कोण करतं हा एसटीचा नियम त्याला माहीत होता. दोन्ही जोडून त्यानं निष्कर्ष काढला. त्यात चूक कुठं आहे? स्वित्झर्लंडच्या ज्याँ पियाजे नावाच्या मानसशास्त्रज्ञानं मुलांना असेच प्रश्न विचारून 1926 साली एक ग्रंथ लिहिला. सूर्य-चंद्र आपल्या मागे मागे येतात असं तिकडची मुलंही त्याला सांगत होती. त्यानं ती उत्तरं हसण्यावारी नेली नाहीत, लिहून ठेवली. पुढं बालमानसशास्त्राचा मोठा भाग त्याच्या अशा कामावर उभा राहिला.

दुसरी गोष्ट आपल्या दुष्काळातली. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली, ‘जलदूत’. आपल्याच जिल्ह्यातून गेली ती. घागरी घेऊन टँकरची वाट बघणारे ते दिवस मोठ्यांना आठवतात. एका घरात या गाडीची चर्चा चालली होती. किती डबे, किती पाणी, कुठल्या नदीचं. सगळ्यांची तोंडं उतरलेली. तेवढ्यात घरातली चिमुरडी म्हणाली, ‘आज्जे, पाण्यासंगं मासे बी आले असतील का गं?’ त्या आजीनं मला सांगितलं, गुरुजी, त्या उन्हाळ्यात आमच्या घरात तेव्हा पहिल्यांदा हसू फुटलं. नदीचं पाणी निघालं तर त्यातले मासे कुठं राहतील, ही काळजी त्या पोरीला पडली होती. तिच्या हिशेबात पाणी म्हणजे लिटर नव्हते, पाण्यात कुणाचं तरी घर होतं.

आणि त्यांची भाषा! आपल्या घरातलं अडीच-तीन वर्षांचं मूल ‘मी करलं’ म्हणतं, ‘दादा शाळेत जाला’ म्हणतं. आपण लगेच दुरुस्त करतो, ‘करलं नाही रे, केलं.’ जरा थांबा. ‘करलं’ हे त्यानं कुणाच्या तोंडून ऐकलं? घरात कुणीच तसं बोलत नाही. बसला, हसला, पडला ऐकून त्यानं आतल्या आत एक नियम काढला आणि ‘कर’ला, ‘जा’ला लावून बघितला. ज्याला अजून चड्डीची नाडी बांधता येत नाही, ते पोर व्याकरण करतंय. अमेरिकेत जीन बर्को या विदुषीनं 1958 साली हेच दाखवून दिलं. तिनं मुलांपुढे एका काल्पनिक प्राण्याचं चित्र ठेवलं, त्याचं नाव ‘वग’, आणि असे दोन झाले तर काय म्हणाल असं विचारलं. कधीच न ऐकलेल्या त्या शब्दाचं अनेकवचन मुलांनी बरोबर केलं. तेव्हा मायमाउल्यांनो, ‘करलं’ ऐकलं की रागावू नका. तुम्ही ‘केलं’ म्हणत राहा, ते आपोआप येईल.

आता जी गोष्ट सांगतो ती मला कधीच विसरता आली नाही. एका घरातले आजोबा गेले. चार वर्षांच्या नातवाला सांगितलं, आजोबा देवाघरी गेले. तो काही रडला नाही. तिसऱ्या दिवशी ओसरीवर एकटाच बसला होता आणि समोर आजोबांच्या कातडी वहाणा होत्या. बायामाणसं आत-बाहेर करत होती, कुणाचं लक्ष नव्हतं. आजी जवळ आली तेव्हा तो म्हणाला, ‘आज्जे, आजोबा वहाणा ठेवून का गेले ते मला कळलं. देवाच्या दारात काढाव्याच लागत्यात. हरवतील म्हणून घरीच काढून गेले.’ आजीनं त्याला पोटाशी धरलं. नंतर तिनं त्या वहाणा कुणाला दिल्या नाहीत, त्याच्यासमोर पुसून फळीवर ठेवल्या. त्या अडाणी म्हणवणाऱ्या बाईनं जे केलं ते मला फार मोठं वाटतं. तिनं नातवाचं म्हणणं खोडलं नाही आणि पाहुण्यांना ऐकवून त्याची करमणूकही केली नाही. त्याला जे सुचलं होतं, त्याचा मान ठेवला.

कारण मुलं आपले शब्द जसेच्या तसे धरतात. ‘देवाला नैवेद्य दाखवून ये, देव जेवतो’ असं सांगितलं आणि लहानगा नामदेव देव जेवेपर्यंत हटून बसला, ही कथा आपण किती प्रेमानं सांगतो! पण आपल्याच घरात असा नामदेव निघाला की म्हणतो, ‘याला काही कळत नाही.’

बाळाच्या बोलण्याचं कौतुक आपल्याकडे जुनं आहे. लेकरू बोबडं बोललं तरी आईबापाला त्यानं अधिकच आनंद होतो, हे ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात सांगून ठेवलंय. तो आनंद मनसोक्त घ्या. मात्र आता घरोघरी मी एक वेगळंच बघतो. मूल काही गोड बोललं की मोबाइल पुढे येतो. ‘पुन्हा म्हण, मामाला दाखवायचंय, पुन्हा म्हण.’ मूल पुन्हा म्हणतं. मग तिसऱ्यांदा म्हणतं, आता सगळे हसतील म्हणून. पहिल्या वेळी त्याला काहीतरी जाणून घ्यायचं होतं, ते राहूनच जातं. त्याच्या प्रश्नाला उत्तर कुणी दिलं? मला याचं खरंच वाईट वाटतं. काही मुलं अशा हसण्यानं बोलायचीच बंद होतात. पहिलीत आल्यावर ती खाली मान घालून बसतात, आणि आम्ही शिक्षक म्हणतो, मूल बुजरं आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून दोष देण्याऐवजी त्या शाळाच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. मुलांपाशी जायचं ते त्यांच्या घरच्या बोलीतून, हे त्यांच्याकडून शिकावं. ‘हाय’, ‘बी’, ‘लई’ म्हणणाऱ्या पोराला आधी बोलू द्या. पुस्तकातली भाषा शिकवायला दहा वर्षं पडली आहेत.

तुमच्या गावात तर मुलांना विचारायला काय कमी आहे? एका शाळेची सहल इथल्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात आली होती. आम्ही मोठी माणसं त्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीपुढे उभी राहून रोमशी असलेला व्यापार, तगर नगरीचं नाव, पाँपेईला सापडलेली तशीच मूर्ती असं सगळं बोलत होतो. एक मुलगी काचेला नाक लावून बघत होती. ती म्हणाली, ‘जिची ही बाहुली हरवली, ती लई रडली असंल.’ सातवाहन काळावर मी बरंच वाचलंय. त्या काळात तेरच्या एखाद्या घरात काहीतरी हरवलं असेल, कुणीतरी ते शोधत फिरलं असेल, हे त्या मुलीनं मला दाखवलं. ती बाहुली होती की दुसरं काही, ते तज्ज्ञ बघतील.

म्हणून येताना मी पहिलीच्या आणि अंगणवाडीच्या प्रत्येक मुलासाठी एक कोरी वही आणली आहे. ती मुलांनी लिहायची नाही, त्यांना अजून लिहिता येत नाही. ती आईनं, आजीनं, थोरल्या बहिणीनं लिहायची. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, ‘करलं’ तर ‘करलं’. खाली तारीख घाला. आणि त्याला काय उत्तर दिलं तेही लिहा. आजीला लिहिता येत नसेल तर तिनं सांगावं आणि चौथी-पाचवीच्या मुलांनी लिहून द्यावं, तेवढाच त्यांचा शुद्धलेखनाचा सराव. मुख्याध्यापकांनी कबूल केलंय की पुढच्या संमेलनात नाचांच्या मधे या वह्यांमधलं थोडं थोडं वाचून दाखवू. फक्त मुलाला विचारून, त्याची हरकत नसेल तरच.

आता मघाशी पडद्यामागे टोपी घालून बसलेल्या एका छोट्या वासुदेवानं मला विचारलं, ‘तुम्ही पाहुणे हाव, मग तुमची पिशवी कुठंय?’ बाळा, पिशवी बाईंच्या टेबलाखाली ठेवली आहे आणि तिच्यात या वह्याच आहेत. तू पहिला ये, तुझी वही घेऊन जा, आणि मग तुझा नाच सुरू होऊ दे.