टकीलाचे तीन पेले

मेक्सिको देशांतील हालिस्को प्रांतांत टकीला नांवाचें गांव आहे. तेथील मद्यगृहांत सायंकाळीं चव पाहावयास बसलेल्या पाहुण्यापुढें बहुधा तीन पेले येतात. पहिला पाण्यासारखा नितळ, ‘ब्लांको’. दुसरा फिकट सोनेरी ‘रेपोसादो’, ओकच्या पिंपांत निदान २ महिने विसांवलेला. तिसरा ‘आन्येहो’, निदान १ वर्ष मुरलेला. जाणता रसिक घाईनें गिळीत नाहीं. तो आधीं गंध घेतो, मग घोट जिभेवर घोळवितो. पहिल्यांत वनस्पतीचा हिरवट उग्रपणा, तिसऱ्यांत लांकडाचा गोडवा.

परंतु पिंपांतील काळ हा खऱ्या काळाचा अंशमात्र होय. आपल्या बांधांवरील घायपाताचें हें निळसर भावंड पक्व होण्यास सहासात वर्षें लागतात. मग लांब दांड्याच्या पात्यानें पानें छाटून अननसासारखा गड्डा काढितात. तो भाजून, रस आंबवून, त्याचा दोनदां अर्क उतरवितात.

फुलोऱ्यांत साखर खर्ची पडते, म्हणून झाड फुलूंच देत नाहींत. लागवड मुळांशीं फुटलेल्या पिलांचीच. त्यामुळें मळेच्या मळे एकाच घडणीचे होतात, आणि एक रोग सर्वांस ग्रासूं शकतो. यास्तव हल्लीं कांहीं मळेवाले शेंकडा ५ झाडें वटवाघळांसाठीं फुलूं देतात. त्यांनीं वाहिलेल्या परागांतून नवें बीज धरतें. रसिकाच्या उद्यांच्या पेल्याची हमी त्या न तोडलेल्या फुलोऱ्यांतच आहे.